मोसे खोऱ्याचा जुना हिशेब मिटल्याशिवाय लवासाला नवा मालक देऊ नका

प्रति,
सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
महानगर आयुक्त, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण
आणि लवासाला कर्ज दिलेल्या बँकांची समिती

ऑक्टोबर २०२४

महोदय,

गेल्या महिन्यात राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने पुण्याजवळच्या मोसे खोऱ्यात उभारलेल्या लवासा या खासगी गिरिशहराची दिवाळखोरीची प्रक्रिया पुन्हा सुरू करायला सांगितलं. जुलै २०२३ मध्ये मंजूर झालेली नव्या मालकाची १,८१४ कोटी रुपयांची योजना प्रत्यक्षात आलीच नाही. म्हणजे आता पुन्हा बोलीदार शोधले जाणार, पुन्हा आकडे मांडले जाणार आणि कुणीतरी एक नवा मालक ठरणार. मान्य झालेली देणी ६,६४२ कोटींच्या घरात आहेत, त्यातले बँकांना किती सुटतील, कुणाला किती सोडावे लागतील, एवढीच चर्चा माझ्या वाचनात येते आहे. ज्या खोऱ्यात हे शहर उभं राहिलं त्या खोऱ्याबद्दल या सगळ्यात एक ओळसुद्धा नाही. हे मला गुपचूप मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र. तुम्हाला लिहिते आहे, पण चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मोसे खोरं माझं आजोळ. वरसगाव धरणाचं पाणी चढलं तेव्हा आजोबांची भातखाचरं आणि राहतं घर बुडालं. अर्धं भावकीचं घराणं दौंडच्या बाजूला पुनर्वसनात गेलं, आणि ज्यांची वरची वरकस जमीन पाण्याबाहेर राहिली ते डोंगराच्या सोंडेवर वाडी करून राहिले. माझे मामा त्यातले. मी पुण्यात वाढले, पुण्यातल्या शाळेत भूगोल शिकवते आणि माझ्या घराच्या नळाला जे पाणी येतं ते याच धरणसाखळीतून येतं. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं जवळजवळ १३ टीएमसी एकट्या वरसगावात. त्यामुळे या खोऱ्याचं काय होतं हा प्रश्न फक्त मामाच्या वाडीचा नाही. सबंध पुणे शहराचा आहे, आणि खाली दौंड-इंदापूरच्या शेतीचाही आहे.

ज्यांना लवासा म्हणजे शनिवार-रविवारी फोटो काढायला जायची जागा एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. शिवरायांचे सुरुवातीच्या काळातले साथीदार बाजी पासलकर या मोसे खोऱ्याचे देशमुख. वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचंच नाव आहे. मुळशी आणि वेल्हे तालुक्यांत पसरलेलं हे खोरं, मोसे नदीच्या दोन्ही अंगांना चढत गेलेले डोंगर, उतारावर नाचणी-वरई, खाली भात. १९९६ साली राज्य सरकारने थंड हवेच्या ठिकाणी खासगी गिरिस्थानं उभारण्यासाठी खास नियमावली काढली. २००१ साली या खोऱ्यातली १८ गावं त्या नियमावलीखाली अधिसूचित झाली. मग एका कंपनीने जमिनी गोळा करायला सुरुवात केली. २५ हजार एकरांवर पाच नगरं, लाखोंची वस्ती, स्वतंत्र भारतातलं पहिलं नियोजित गिरिशहर, अशी जाहिरात झाली. दासवे हे त्यातलं पहिलं नगर, इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर बांधलेलं. कारभार बघायला निवडून आलेला नगराध्यक्ष नव्हता. पगारी सिटी मॅनेजर होता, आणि तोही अमेरिकेहून आणलेला. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने दोन हजार कोटींच्या समभागविक्रीसाठी अर्ज केला. दोन महिन्यांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली आणि काम थांबलं. नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्याच्या सुमारे दोन हजार हेक्टरला अटींसह परवानगी मिळाली, पण गेलेली वेळ आणि गेलेला पैसा परत आला नाही. समभागविक्री झालीच नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीत गेलं, आणि तिथेच आजवर आहे.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. दासवे दिसायला सुंदर आहे. पाण्याकाठचा फरसबंद रस्ता, गेरू-पिवळ्या रंगाच्या भिंती, कमानी, लाकडी झडपांच्या खिडक्या, झाडं लावलेली, पायी चालणाऱ्याचा विचार करून आखलेले रस्ते. आपल्या शहरांत असा विचार कुणी करत नाही याचं मला वाईटच वाटतं. वाडीतल्या काही पोरांना इथे कामंही मिळाली, कुणी बागेत, कुणी हॉटेलात, कुणी पहाऱ्यावर. ती कामं त्यांना हवी आहेत. मी हे शहर पाडून टाका असं म्हणायला आलेली नाही. पण आज त्याच रस्त्याने जरा आत गेलं की भिंतींवर काळं शेवाळ चढलेलं दिसतं, अर्धवट सोडलेल्या इमारतींच्या स्लॅबमधून गंजलेल्या सळया वर आलेल्या असतात आणि त्या सळयांच्या बुडाशी पिंपळ रुजलेला असतो. श्रीमंतांसाठी आखलेल्या नगराची ही अवस्था एका दिवसात झालेली नाही. ज्या घाईने आणि ज्या सवलतींनी ते उभं केलं, त्यातच ही अवस्था होती. तेच पुन्हा होऊ नये, म्हणून माझ्या तक्रारी नीट ऐका.

पहिली तक्रार जमिनीची, आणि तीही सगळ्या जमिनीची नाही, धरणाच्या जमिनीची. वरसगावसाठी सरकारने जी जमीन संपादित केली ती सार्वजनिक कामासाठी म्हणून केली. माझ्या मामीकडे एक प्लॅस्टिकची पिशवी आहे, खताच्या गोणीच्या आत गुंडाळून आढ्याला टांगलेली, उंदरांपासून सांभाळायला. त्यात सातबारे आहेत, फेरफाराच्या नकला आहेत आणि भूसंपादनाची बारा-दोनची, म्हणजे मोबदला ठरल्याचं कळवणारी, नोटीस आहे. कागद घडीवर फाटलाय, शिक्का जांभळा पडून पसरलाय, पण आजोबांचं नाव आणि गट नंबर वाचता येतो. त्या नोटिशीने जमीन गेली ती पुण्याला पाणी मिळावं म्हणून, आणि आजोबांनी ते मान्य केलं होतं. शहराला पाणी लागतंच, असं ते म्हणायचे. पुढे २००२ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने जलाशयाच्या काठची १४१ हेक्टर संपादित जमीन ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने याच गिरिशहरासाठी देऊन टाकली. धरणासाठी म्हणून घेतलेली जमीन खासगी नगराचा पाणकाठ झाली.

महोदय, मला या एका प्रश्नाचं उत्तर कुणीही दिलेलं नाही. ती जमीन धरणाला लागत नव्हती, तर ज्यांच्याकडून घेतली त्यांना आधी का विचारलं नाही? तीस वर्षं कसून खायला दिली असती तरी मामा नाही म्हणाले नसते. सरकारला जमीन लागते तेव्हा शेतकऱ्याने त्याग करायचा, आणि लागेनाशी होते तेव्हा ती भलत्याच माणसाच्या अंगणात जायची, हा न्याय कुठला? हा भाडेपट्टा २०३२ मध्ये संपतो. जो कुणी नवा मालक येईल तो हा पट्टा वाढवून मागणारच, कारण तळ्याकाठाशिवाय दासव्याला किंमत काय? बोलीदार आज ज्या हिशेबाने आकडे मांडणार आहेत, त्यात हा काठ कायमचा आपलाच असं धरलेलं असेल, अशी मला भीती वाटते. तसं धरू देऊ नका.

दुसरी तक्रार दिवाळखोरीच्या कायद्याची. हा कायदा २०१६ चा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर घर घेणाऱ्यांना त्यात वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखेच पैसे येणे असलेले, मानलं गेलं, ते चांगलंच झालं. २०२३ च्या योजनेत ८३७ घरखरेदीदारांचे दावे मान्य झाले होते. यातले पुष्कळ लोक काही धनदांडगे नाहीत. निवृत्तीचे पैसे, गावचं घर विकून आलेले पैसे, परदेशातल्या मुलाने पाठवलेले पैसे त्यांनी इथे घातले. डोंगरात, तळ्याकाठी म्हातारपण जाईल या आशेवर. आज त्यांच्या हातात ना घर ना पैसा. मागच्या योजनेत त्यांना पर्यावरण परवानगी मिळाल्यापासून पाच वर्षांत घर देऊ असं म्हटलं होतं. परवानगी कधी मिळणार याची तारीख नव्हती. सत्तरीच्या माणसाला असं आश्वासन देणं म्हणजे काय देणं, तुम्हीच सांगा.

पण घरखरेदीदारांना निदान योजनेवर मत देणाऱ्या धनकोंच्या समितीत जागा तरी आहे. खोऱ्यातल्या माणसाला ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की एकदा योजना मंजूर झाली की त्यात समाविष्ट नसलेले जुने दावे संपतात. नव्या मालकाला पाटी कोरी मिळते. धंद्याच्या दृष्टीने यामागचं कारण मला समजतं, जुन्या भांडणांचं ओझं घेऊन कुणी पैसा लावायला पुढे येणार नाही. पण लवासाच्या पाटीवर नेमकं काय लिहिलेलं आहे, ते पुसण्याआधी वाचलं कुणी? कुणाचा मोबदला अर्धा राहिलाय, कुणाला जमिनीच्या बदल्यात नोकरी कबूल केली होती, कुणाच्या विहिरीची वाट बंद झाली, कुणाच्या सह्या मध्यस्थाने कोणत्या कागदावर घेतल्या. हे दावे ठरलेल्या नमुन्यात, ठरलेल्या मुदतीत, शहरात बसलेल्या निराकरण व्यावसायिकाकडे, म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया चालवायला नेमलेल्या माणसाकडे, इंग्रजीतून दाखल करायचे असतात, हे वाडीवर कुणाला माहीत असणार? माझ्या मामाला मी सांगितलं तेव्हा कळलं. जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते म्हणतात. वाडीवर वर्तमानपत्र येत नाही, पावसाळ्यात तर एसटीही वेळेवर येत नाही.

तिसरी तक्रार सीलिंगच्या जमिनींची. १९६१ च्या शेतजमीन कमाल धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेली जमीन भूमिहीनांना वाटली गेली. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हा नियम आहे आणि तो कातकऱ्यासाठी, धनगरासाठी, ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याच्यासाठी आहे. या खोऱ्यात अशा जमिनींच्या व्यवहारांवर वर्षानुवर्षं आक्षेप घेतले गेले, मोर्चे निघाले, याचिका झाल्या. कोणते व्यवहार नियमात बसले आणि कोणते नाही, याची गावनिहाय, गट नंबरसह यादी सरकारने चावडीवर लावली आहे, असं मी तरी कधी पाहिलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये लवासाविरुद्धच्या जनहित याचिकेत हस्तक्षेप करायला नकार दिला, त्यात याचिकेला झालेला उशीर हे मोठं कारण होतं. न्यायालयाचा मान मी ठेवते. पण न्यायालयात उशीर झाला म्हणून सरकारचं स्वतःचं काम संपत नाही. सातबारा सरकारचा, फेरफार सरकारचा, परवानगी देणारा जिल्हाधिकारी सरकारचा.

पाण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण पुणेकरांनी यावर स्वतः आवाज उठवायला हवा. या नगराला जलाशयाच्या वरच्या अंगाला बंधारे बांधून वर्षाला ०.८७ टीएमसी पाणी अडवायची मुभा दिली गेली. ती दिली तेव्हा लाखोंची वस्ती गृहीत धरलेली होती. तेवढी वस्ती आली नाही, आणि पुणे मात्र तेव्हाच्या कितीतरी पट वाढलं. उन्हाळ्यात आमच्या भागात एक दिवसाआड पाणी येतं तेव्हा मी वर्गात मुलांना धरणांचे नकाशे काढायला लावते. मुलं विचारतात, टीचर, वरून पाणी कोण कोण घेतं? मला त्यांना खरं उत्तर देता यावं. नवा मालक ठरवताना ही मुभा जशीच्या तशी पुढे द्यायचं काहीच कारण नाही.

आता उतारांबद्दल, आणि हे मी भूगोलाची शिक्षिका म्हणून लिहिते आहे. २५ जुलै २०२४ रोजी लवासात एका दिवसात चारशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, दरड कोसळली आणि बंगले मातीखाली गेले. त्याच दिवशी खाली पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. पहिल्या घटनेमुळे दुसरी घडली असं मी म्हणत नाही, पण दोन्ही एकाच पावसाच्या, एकाच पाणलोटाच्या गोष्टी आहेत. सह्याद्रीचा हा भाग बेसॉल्टचा. खडकाच्या थरावर मुरमाचा आणि लाल मातीचा थर, त्यावर झाडोरा. डोंगर आडवा कापला, रस्ता काढला, सपाट जागा करायला मातीचा भराव टाकला की वरचा थर खालचा आधार गमावतो. मग त्यात पाणी मुरत राहिलं की एके रात्री सगळा उतार खाली येतो. माळीण ३० जुलै २०१४ ला याच पुणे जिल्ह्यात गाडली गेली आणि दीडशेवर माणसं गेली, त्याला अजून फार काळ लोटलेला नाही. लवासाच्या पर्यावरण परवानगीचा मूळ वाद समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर बांधकाम झालं की नाही, यावर होता. माझ्या मते नुसत्या उंचीचा तो प्रश्नच अपुरा होता. उतार किती अंशांचा, पाणी वाहायचे जुने ओघळ कुठे बुजवले, भराव कुठे टाकला, हे बघायला हवं होतं. बंद पडलेल्या कामात तर हे आणखी धोक्याचं होतं. सुरू असलेल्या कामावर निदान कुणीतरी नाल्या साफ ठेवतो, भिंतीला भेग गेली तर बघतो. सोडून दिलेल्या कापलेल्या डोंगराकडे पावसाळ्यात बघायला कोण जातं? आणि त्या डोंगराच्या खाली लोक राहतात, पर्यटक झोपतात.

सहावी गोष्ट कारभाराची. जून २००८ मध्ये या नगराला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. म्हणजे जो बांधणार, त्याच्याच माणसांच्या हाती बांधकाम परवानगी द्यायचा अधिकार. २०१७ मध्ये सरकारने तो दर्जा काढून घेतला आणि कारभार महानगर आयुक्तांच्या प्राधिकरणाकडे आला. हा निर्णय योग्य होता आणि त्याबद्दल मी सरकारचे आभार मानते. पण उद्या नवा बोलीदार तोच दर्जा परत मागेल, आणि गुंतवणूक हवी म्हणून तो देण्याचा मोह होईल. १८ गावांत ग्रामपंचायती आहेत, ग्रामसभा आहेत. घर खरेदी करून दासव्यात राहायला आलेल्या माणसालाही तिथे मत द्यायचा, प्रश्न विचारायचा हक्क आहे. श्रीमंत वसाहत म्हणून तिथलं लोकशाहीचं दार वेगळं असू शकत नाही.

माझ्या, आणि माझ्याबरोबर बोललेल्या खोऱ्यातल्या लोकांच्या मागण्या अशा:

नवी योजना न्यायाधिकरणापुढे मंजुरीला जाण्याआधी दासवे, मुगाव आणि धामणओहोळ इथे महसूल विभागाचं शिबिर लावा. तहसीलदार, तलाठी आणि निराकरण व्यावसायिकाचा माणूस एकाच मांडवात बसू दे. लोकांचे दावे मराठीत, तोंडी सांगितलेले असले तरी, लिहून घ्या आणि पोच द्या. मुदत संपली म्हणून परत पाठवू नका. सरकारला न्यायाधिकरणापुढे जाऊन हे दावे विचारात घ्या म्हणून सांगता येतं, तसं सांगा.

१८ गावांतल्या संपादित, सीलिंगच्या आणि खासगी खरेदीच्या जमिनींची गट नंबरसह यादी तयार करून ग्रामपंचायतींच्या फलकावर लावा. जो व्यवहार नियमात बसत नाही ती जमीन मूळ धारकाला परत करा, आणि ते शक्य नसेल तर आजच्या दराने मोबदला द्या.

१४१ हेक्टरांचा भाडेपट्टा २०३२ नंतर वाढवू नका, आणि ही अट बोलीच्या कागदांतच लिहा, म्हणजे कुणाची फसवणूक होणार नाही. त्यानंतर ती जमीन काय करायची ते विस्थापित कुटुंबांच्या आणि ग्रामसभांच्या संमतीने ठरवा.

०.८७ टीएमसीची मुभा आजच्या वस्तीच्या मानाने नव्याने ठरवा, आणि ठरवण्याआधी पुण्यात जाहीर सुनावणी घ्या.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडून सगळ्या कापलेल्या उतारांची पाहणी करून घ्या. अहवाल मराठीत जाहीर करा. तोवर एकाही नव्या पायाला परवानगी देऊ नका. अर्धवट इमारतींच्या वरच्या बाजूला जिथे धोका आहे तिथल्या आधारभिंती आणि नाल्या येत्या पावसाळ्याआधी करून घ्या. त्याचा खर्च कुणी करायचा यावर बँका आणि सरकार यांनी भांडत बसू नये, माणसं मेल्यावर तो खर्च कितीतरी वाढतो.

घरखरेदीदारांना घराची तारीख द्या. परवानगी मिळाल्यापासून इतकी वर्षं, असं नको. दिवस, महिना, साल लिहा. ते पाळता येणार नसेल तर व्याजासह पैसे परत घेण्याचा पर्याय द्या. बँकांच्या समितीला माझी ही विशेष विनंती आहे, कारण तुमच्या मतांवर हे ठरणार आहे. तुमचे पैसे बुडाले हे खरं, पण तुम्ही कर्ज देताना कागद तपासायला वकील आणि अभियंते नेमू शकत होता. निवृत्त माणूस तसं करू शकत नव्हता, तो तुमचं नाव बघून विश्वासाने आला.

आणि विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा कुठल्याही खासगी कंपनीला परत देऊ नका. रस्ते, पथदिवे, पाणीयोजना आणि पाण्याकाठचा फिरायचा रस्ता सार्वजनिक राहतील, वाडीवरच्या माणसाला स्वतःच्या गावी जाताना कुणाची परवानगी लागणार नाही, हे नव्या योजनेत शब्दांत लिहून घ्या.

यातली एकही मागणी अशी नाही की जी मान्य केल्यावर लवासा चालू शकणार नाही. उलट ज्या मालकाला हे अवघड वाटेल त्याने इथे येऊच नये. बोली थोडी कमी येईल, हे मला ठाऊक आहे. २०२३ मध्ये बोली मोठी आली होती, तिचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

या पत्राची प्रत मुळशीच्या तहसीलदारांना, खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींना आणि पुण्यातल्या सर्व पक्षांच्या आमदार-खासदारांना पाठवते आहे. तुमचं उत्तर मला एकटीला पाठवू नका. ते ग्रामपंचायतींना पाठवा, म्हणजे ग्रामसभेत वाचता येईल. मामीच्या पिशवीतल्या कागदांच्या नकला मी काढून ठेवल्या आहेत. शिबिराचा दिवस कळवाल त्या दिवशी मी रजा घेऊन त्या घेऊन येईन, आणि इतरांनाही आपापले कागद आणायला सांगेन.

आपली,
मोसे खोऱ्याची एक नात
पुणे